फोटोत होता, डब्यात नव्हता

रूपाला हाक मारायची तर तिच्या समोर जाऊन उभं राहावं लागे. पाठीमागून कितीही ओरडलं तरी ती आपल्या खेळात दंग असायची. चौथं वर्ष लागलं तरी तिच्या तोंडून मोजकेच शब्द निघत आणि तेही फक्त आईला कळत. जळगावच्या कानाच्या दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "दोन्ही कान सारखेच कमी आहेत. दोन्हींना मशीन लावा आणि लवकर लावा. बोलायला शिकायचं एक वय असतं. ते निघून गेलं की मागे वळून येत नाही."

रूपाचा बाप ज्ञानेश्वर धुळ्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा. त्याने एका कानाच्या मशीनची सोय करून ठेवली होती. सरकारी शिबिरातही नाव दिलं होतं, पण त्याची तारीख पुढे पुढेच जात होती. दुसऱ्या कानाचं मशीन आजोबांनी आपल्या अंगावर घेतलं.

आजोबा म्हणजे प्रेमराज आबा. देवपुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. धुळे आणि साक्री तालुक्यातल्या किती शाळांचे वर्गाचे फोटो त्यांनी काढले याची गणती नाही. उंच पोरं मागे, बुटकी पुढे, गुरुजी मधे. आबा कधी 'हसा' म्हणत नसत. 'गुरुजींच्या टोपीवर चिमणी बसली' म्हणत, आणि सगळी पोरं एकदम वर बघून हसत. पुढे प्रत्येक गुरुजीच्या खिशात मोबाईल आला आणि आबांना कोणी बोलवेनासं झालं. स्टुडिओ बंद झाला. सामान गेलं. एक कॅमेरा तेवढा त्यांनी राखला होता, शेवटी शेवटी घेतलेला, चांगला डिजिटल, लेन्ससकट.

त्या कॅमेऱ्यावर आता एकच काम चाले. आबा घरातल्या वस्तूंचे फोटो काढत, तांब्या, पोळपाट, दारातली शेळी. मग रूपाला मांडीवर घेऊन मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवत आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून सावकाश म्हणत, "शे-ळी." रूपा त्यांच्या ओठांकडे बघे, मग स्वतःचे ओठ तसेच करी. आवाज मात्र वेगळाच निघे. आबा पुन्हा म्हणत, "शे-ळी." ते कधी कंटाळत नसत.

तोच कॅमेरा विकायचं ठरलं.

जुन्या वस्तू विकायचं एक ॲप सून दिपमालाच्या मोबाईलमध्ये होतं. तिने खिडकीशी चादर अंथरली, कॅमेरा ठेवला, गळ्यात अडकवायचा त्याचा काळा पट्टा छान वळवून मांडला आणि फोटो काढले. त्या ॲपची रीत अशी की घेणाऱ्याने पैसे आधी ॲपकडे भरायचे. वस्तू त्याला मिळाली, त्याने दोन दिवसांत तक्रार केली नाही, की पैसे विकणाऱ्याला.

"म्हणजे मधे पंच बसला," आबा म्हणाले. "बरं आहे. पंच असला की भांडण नाही."

गिऱ्हाईक लवकर मिळालं. भुसावळचा माणूस, हितेंद्र नाव. त्याने घासाघीस केली नाही. उलट फोन करून गोड बोलला. "आबा, मी लग्नाच्या ऑर्डरी घेतो. तुमच्यासारख्या जुन्या माणसाचा कॅमेरा म्हणजे डोळे झाकून घ्यायचा."

पार्सल बांधताना आबांनी पट्टा सोडवला आणि बाजूला ठेवला.

"आबा, पट्टा कसाले काढी राहिनात?" दिपमालाने विचारलं.

"बठ्ठं दी टाकानं नही वं माय. थोडंसं घरमा ऱ्हावाले जोयजे."

सगळंच देऊन टाकायचं नसतं, हे दिपमालाला नवीन नव्हतं. तिच्या माहेरीही बैल विकला की दावं देत नसत. बाजारात सौदा झाला, पैसे हातात आले, की घेणारा स्वतःचं दावं बैलाच्या गळ्यात घाली आणि आपलं दावं आपण खांद्यावर टाकून घरी आणायचं. आबांचे वडील साक्रीच्या बाजारातून असे कितीदा आले होते, पुढे रिकामा रस्ता आणि खांद्यावर दावं. ते गोठ्यात खुंटीला टांगलं की मगच ते पाणी प्यायचे. दाव्याबरोबर घराची बरकत जाते, असं म्हणत. ज्या धंद्यावर ज्ञानेश्वरचं शिक्षण झालं, लग्न झालं, त्यातला उरलेला एकच कॅमेरा द्यायचा तर त्याचं दावं तरी घरात राहावं, एवढाच आबांचा हिशेब.

पण खोटेपणा नको, म्हणून त्यांनी हितेंद्रला फोन लावला. "भाऊ, एक सांगायचं राहिलं. पट्टा मी ठेवून घेतो. आमच्यात दावं देत नाहीत."

पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. "काय आबा! आमच्यात तरी कुठे देतात? माझा आजा तर बकरीचंही दावं द्यायचा नाही. ठेवा ठेवा. पट्टा बाजारात पैशाला पासरी मिळतो."

"राग नाही ना?"

"राग कसला? उलट बरं वाटलं. अशी माणसं आता कुठे राहिली?"

आबांनी फोन ठेवला आणि दिपमालाला म्हणाले, "पोरगा संस्कारी आहे." डबा चिकटपट्टीने गुंडाळून कुरिअरच्या मुलाकडे दिला. रूपा दारात उभी राहून हात हलवत होती, डब्यात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

डबा भुसावळला पोहोचल्याचा निरोप मोबाईलवर आला. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप आला. दिपमालाने तो दोनदा वाचला, मग आबांना मोठ्याने वाचून दाखवला. फोटोत दाखवलेला पट्टा डब्यात नाही. वस्तू अपुरी आहे. कॅमेरा सुरू होत नाही. खरेदीदाराने वस्तू परत केली आहे.

"सुरू होत नाही?" आबा म्हणाले. "पाठवला त्या सकाळी शेळीचा फोटो काढून दिला मी."

त्यांनी हितेंद्रला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तो बंदच लागू लागला.

"पट्ट्याचं तो हो म्हणाला होता ना?" दिपमालाने विचारलं. "ॲपमध्ये लिहून घेतलं होतं का?"

"फोनवर बोललो. तोंडाने हो म्हणाला. त्याच्यापुढे अजून काय लिहायचं?"

ॲपला दिपमालाने सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं की फोटोतली वस्तू आणि पाठवलेली वस्तू यांत फरक असल्यास खरेदीदाराची तक्रार मान्य केली जाते. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. पंच होता, पण त्याला तोंड नव्हतं.

चार दिवसांनी ऐन दुपारी परतीचा डबा आला. ऊन रणरणत होतं. कुरिअरचा मुलगा घामाने निथळत दारात उभा होता.

"आबा, मोबाईलवर कोड आला असेल. तेवढा सांगा."

"अरे आधी आत ये. पाणी घे."

"पाणी द्या, पण कोड सांगा पटकन. गाडीभर डबे पडलेत अजून."

आपल्यासाठी कोणाच्या पोराला उन्हात कशाला उभं करायचं, म्हणून आबांनी कोड वाचून दाखवला. मुलाने तो मोबाईलमध्ये टाकला, पाणी प्याला, गेला. मग आबांनी कात्रीने डबा उघडला.

कंपनी तीच. मॉडेल तेच. पण आबांनी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला, दुसऱ्याचं लेकरू चुकून उचललं जावं तसा. लेन्सच्या आत बुरशीची पांढरी जाळी पसरली होती. बॅटरीच्या खणात हिरवट गंज होता. कधीतरी पाण्यात पडून वाळलेला कॅमेरा होता तो.

"हा आपला नाही," ते म्हणाले.

दिपमालाने मोबाईल बघितला. त्यावर आलं होतं की वस्तू आपल्याला परत मिळाली आहे. पैसे खरेदीदाराला परत. व्यवहार पूर्ण.

संध्याकाळी ज्ञानेश्वर आला. त्याने डब्यात बघितलं. जेवताना एवढंच म्हणाला, "दवाखान्याची तारीख सव्वीसची आहे."

दुसऱ्या दिवशी आबा पोलिसांकडे गेले. सायबरच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर हेमांगी नावाची तरुण पोलीस होती. तिने नाव विचारलं आणि वर बघितलं.

"देवपूरचे फोटोवाले आबा ना? आमचा चौथीचा फोटो तुम्हीच काढला होता. माझे डोळे मिटलेत त्यात. अजून घरात सगळे चिडवतात."

"मी तर मुलांचे डोळे बघूनच बटण दाबायचो," आबा ओशाळून म्हणाले.

"तुम्ही दाबलं आणि मी मिटले. आता सांगा, काय झालं?"

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक गोष्ट विचारू लागली. कॅमेऱ्याच्या बुडाशी बारीक नंबर असतो, तो लिहून ठेवला होता का? नाही. खरेदीचं बिल? स्टुडिओ बंद करताना कागद गेले. पॅक करताना व्हिडिओ काढला होता का? परतीचा डबा उघडताना?

"आबा, रागावू नका," हेमांगी म्हणाली. "वस्तू पाठवताना आधी नंबर दाखवायचा, मग ती चालू करून दाखवायची, मग डब्यात घालायची, वर चिकटपट्टी, पत्ता, हे सगळं एका दमात मोबाईलवर घ्यायचं. मधे तोडायचं नाही. परत आली तर कोड द्यायच्या आधी कुरिअरवाल्यासमोर उघडायची. आणि जी वस्तू देणार नाही, ती फोटोत ठेवायचीच नाही. त्याने तेवढंच धरलं."

"मी त्याला सांगितलं होतं गं."

"फोनवर. ते कुठे दिसतं?"

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "त्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो आहेत का कुठे? मोबाईलमध्ये नाही, मूळ कार्डावर?"

कार्ड घरी होतं. आबांनी ते आणून दिलं. हेमांगीने संगणकावर शेळीचा फोटो उघडला आणि त्याच्या पोटातली माहिती काढली. कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, आणि खाली त्या कॅमेऱ्याचा नंबर. फोटो काढताना कॅमेरा स्वतःची खूण त्यात सोडतो, हे आबांनाही माहीत नव्हतं. डब्यातल्या कॅमेऱ्याचा नंबर वेगळा होता.

"सापडला!" आबा उभेच राहिले.

"बसा आबा. अर्धं सापडलं. मी अर्ज घेते, भुसावळला कळवते. पण वेळ लागेल, आणि तुम्ही एकटे तिकडे जाऊ नका."

सव्वीस तारीख जवळ आली होती. आबा गेले. मेलेला कॅमेरा पिशवीत घातला, नंबरचा कागद खिशात ठेवला, एसटीने जळगाव, तिथून दुसऱ्या गाडीने भुसावळ. पत्ता खरा निघाला. स्टेशनापासून थोड्या अंतरावर, रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांच्या ओळीपलीकडे, लग्नासाठी कॅमेरे भाड्याने देणारं लहानसं दुकान. काउंटरमागे तिशीतला माणूस जेवणाचा डबा उघडून बसला होता. "काय पाहिजे?" त्याने विचारलं, आणि आवाजावरून आबांनी ओळखलं.

"मी धुळ्याहून आलो. प्रेमराज."

हितेंद्र दचकला नाही. त्याने डब्याचं झाकण लावलं. "या आबा, बसा. एवढ्या उन्हाचे आलात! चहा सांगू?"

"चहा नको. माझा कॅमेरा दे."

"तुमचा तुम्हाला परत पाठवला ना."

आबांनी पिशवीतला कॅमेरा काउंटरवर ठेवला, त्याच्याशेजारी कागद. "हा माझा नाही. माझ्या फोटोत हा नंबर निघतो. ह्याच्या बुडाशी वेगळा आहे."

हितेंद्रने कागद नीट वाचला. मान डोलावली. "बरोबर. म्हणजे तुमच्याकडे हा नंबर असलेला एक कॅमेरा होता. पण मला पाठवला तो हा नंबरवाला, असं कुठे दिसतं? तुमच्याकडे दोन असतील. चांगला घरी ठेवला, खराब मला पाठवला."

"मी?"

"मी म्हणत नाही. कोणीही म्हणेल." त्याने मागच्या फळीकडे हात केला. पाच-सहा कॅमेरे ओळीने ठेवले होते. "बघा, यात तुमचा असेल तर ओळखा आणि घेऊन जा. मी अडवणार नाही."

आबा पुढे झाले. एकेक बघितला. हातात घ्यायची गरजच नव्हती. त्यात त्यांचा नव्हता, आणि नाही हे त्या माणसाला आधीच ठाऊक होतं.

"माझ्या नातीच्या कानासाठी होता तो," आबा म्हणाले. हे सांगायचं नाही असं ठरवून ते घरून निघाले होते.

हितेंद्र काउंटरवर झुकला. मग आवाज खाली करून म्हणाला, "आबा, खरं सांगू? हा मेलेला कॅमेरा मलाही असाच आला होता. नागपूरच्या एकाने दिला, चालू म्हणून. मी कोणाकडे रडत गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका. पुढे ढकला. घेणारा कोणीतरी निघतो."

"आणि तो काय करील?"

"तो त्याचं बघून घेईल."

"तू मला दाव्याचं हो म्हणाला होतास. हसला होतास."

"आता कसं बोललात!" हितेंद्र एकदम ताठ झाला. दुकानाच्या दारात दुसरं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं, त्याला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "फोटोत पट्टा होता की नाही?"

"होता."

"डब्यात होता?"

"नव्हता."

"मग खोटं कोण वागलं, आबा? मी की तुम्ही?"

दारातल्या माणसाने आबांकडे वर-खाली बघितलं. उत्तर द्यायचं तर बाजार, बैल, दावं, बाप, सगळंच सांगावं लागलं असतं आणि तेवढं ऐकून घ्यायला त्या दुकानात कोणी नव्हतं. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि बाहेर पडले.

घरी दिपमालाने तोंडाकडे बघूनच ओळखलं. तिने पाणी दिलं, खाली बसली. आबांनी सगळं सांगितलं, पुढे ढकला म्हणाला तेही.

ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मग म्हणाली, "ढकलू या का मग?"

आबांनी तिच्याकडे बघितलं.

"बघता काय असे? आपल्याला कोणी विचारलं का, तुमच्या पोरीचं काय होईल? माझ्या पोरीचा कान आहे आबा. मला त्या पुढच्या, चौथ्या माणसाचं काही वाटत नाही. काहीच वाटत नाही." आणि मग ती रडू लागली.

आबांनी त्या रात्री मोबाईल मागून घेतला. कॅमेऱ्याचे फोटो काढले, बुरशीचा वेगळा, गंजाचा वेगळा, बुडाच्या नंबराचा वेगळा. खाली लिहायच्या जागेत 'चालू' हा शब्द टाइप केला. तो एक शब्द लिहिला की कानाचं काम होण्यासारखं होतं. ते त्या शब्दाकडे बघत बसले. मग तो पुसला आणि लिहिलं, 'बंद आहे. दुरुस्त होत नाही. सुट्या भागांसाठी घ्यावा.' कोणाचाच फोन आला नाही. भुसावळहून हेमांगीकडेही काही उत्तर आलं नाही. आबा एक दिवसाआड विचारायला जात. ती त्यांना खुर्ची देई आणि 'पाठपुरावा चालू आहे' म्हणताना खाली बघे.

सव्वीस तारखेला सगळे जळगावला गेले. दवाखान्यातल्या बाईंनी एकच मशीन मागितलेलं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या, पण रागावल्या नाहीत. अशी माणसं त्यांना रोज भेटत असावीत.

"ठीक आहे. दुसरं जमेल तेव्हा या, फार उशीर करू नका," त्या म्हणाल्या. "कोणत्या कानाला लावू?"

दिपमालाने ज्ञानेश्वरकडे बघितलं.

"तुम्हीच सांगा ना मॅडम," ज्ञानेश्वर म्हणाला.

"दोन्ही कान सारखेच आहेत. एखादा बरा असता तर मी सांगितलं असतं. तुम्ही ठरवा."

ज्ञानेश्वरने बापाकडे बघितलं. शेकडो पोरांना कोणी कुठे उभं राहायचं हे क्षणात सांगणाऱ्या आबांना लेकराचा एक कान निवडता येईना. रूपा टेबलावरच्या रंगीत ठोकळ्यांशी खेळत होती, तिच्याबद्दल काय चाललंय याची तिला कल्पना नव्हती.

शेवटी दिपमाला म्हणाली, "मी तिला डाव्या कडेवर घेते. तेव्हा तिचा उजवा कान माझ्याकडे असतो."

"मग उजवा," बाई म्हणाल्या.

मशीन लहानसं होतं, गुलाबी. बाईंनी ते कानामागे बसवलं, नळी नीट केली, संगणकावर आवाज थोडाथोडा वाढवत नेला. रूपाचा ठोकळा हातातच राहिला. तिने छताकडे बघितलं. पंखा फिरत होता. तो आवाज करतो हे तिला आजच कळत होतं. मग तिचे ओठ थरथरले आणि ती रडायला लागली, आणि स्वतःचंच रडणं ऐकून आणखी घाबरून रडली. दिपमालाने तिला छातीशी धरलं.

"होतं असं," बाई म्हणाल्या. "आता ओळखीचा आवाज ऐकवा. नावाने हाक मारा."

आबा रूपाच्या डाव्या बाजूला, थोडे मागे उभे होते. इतक्या वर्षांत तिला समोर न जाता कधी हाक मारली नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"रूपा."

रडणं थांबलं. तिने ऐकलं होतं. डोळ्यांत पाणी तसंच, पण चेहरा उजळला. हाक कोणी मारली ते बघायला तिने झटकन मान उजवीकडे वळवली. तिकडे भिंत होती.

"रूपा, बेटा, मी इकडे आहे."

ती अजून उजवीकडेच बघत होती. भिंतीवर, दाराकडे, पुन्हा भिंतीवर ती आजोबांना शोधत होती.

"एका कानाने दिशा कळत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यासाठी दोन्ही लागतात."

आबा टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.